माझ्या अंगावरचे रबर कोणी सोलले?

नीट बसा, मित्रांनो, आणि मध्ये बोलू नका. मी एक जुनी चाळणी आहे. माझ्यावर पीठ चाळत नाहीत, मोसंबी निवडतात. काल मला जालन्याच्या पोलाद-भट्टीत वितळवायला न्यायचे ठरले होते. का, ते ऐका.

टेंभुर्णीच्या कल्याण वेल्डरने मला घडवले. आराखडा तृप्ती या इंजिनिअर मुलीचा. माझ्या उतरत्या सळयांमधली फट पुढे पुढे रुंद होते. लहान फळ आधी खाली पडते, मोठे शेवटी. गोजरबाईने तीस वर्षे बागांमध्ये हाताने फळे निवडली होती. पहिल्याच दिवशी तिने एक मोसंबी तृप्तीच्या नाकासमोर धरली.

"साल खरचटली, पोरी. आज दिसत न्हाई, चौथ्या दिवशी काळं पडंल. सायकलीच्या जुन्या ट्यूबा गुंडाळ हिला."

तसे केले. पुढचे दोन हंगाम माझ्यावरून गेलेले एकही फळ डागाळले नाही. भोकरदनहून व्यापारी मला पाहायला येत. तृप्तीने कंपनी काढली.

मग पुण्याहून मुकुल आला, गुंतवणूकदारांचा माणूस. त्याने फळ हातात घेतले नाही. माझा फोटो काढला.

"मशीन भारी आहे, मॅडम. पण ह्या पंक्चरवाल्या ट्यूबा? व्हिडिओत भंगार दिसतंय. चकचकीत स्टील दाखवा, फंडिंग पक्कं."

"मावशी म्हणतात, साल..."

"मावशी पैसे घालणार आहेत का?"

सगळे हसले. तृप्तीही हसली. ते हसू मी विसरलेले नाही.

ज्या कल्याणने मला घडवले, त्यानेच ब्लेडने माझे रबर सोलले. मला आरशासारखे घासले. व्हिडिओला टाळ्या पडल्या, पैसे आले आणि एकही फळ घरंगळवून न तपासता माझ्यासारख्या वीस उघड्या चाळण्या बनून व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या. त्यांवर निवडलेला माल ट्रकने दूरच्या बाजारांत गेला आणि चौथ्या दिवशी काळा पडला. व्यापाऱ्यांनी चाळण्या परत धाडल्या. मुकुलने कळवले, "मूळ डिझाइनच चुकलं." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. कंपनीला कुलूप लागले.

मी चुकले? मी?

काल भंगारवाल्याने मला टेम्पोत चढवले, तेव्हा गोजरबाई टेम्पोपुढे उभी राहिली.

"उतरव तिला."

"मावशी, विकली ती," तृप्ती खाली पाहत म्हणाली.

"मंग त्याचे पैसे वापस दे. भट्टीत घालायच्या तर त्या वीस नटव्या घाल. अन् बघून काय राह्यली? ट्यूबा आण. बागा तोडणीला आल्या."

तृप्ती जमिनीवर बसली आणि स्वतःच्या हाताने मला रबर गुंडाळू लागली. एक वळसा सैल पडला, तशी गोजरबाईने तिच्या मनगटावर चापट दिली. "ओढून!"

तृप्तीला मी अजून क्षमा केलेली नाही. काम मात्र आज सकाळपासून करते आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही घडवाल. कोणी पैसा दाखवून ते सोलायला सांगेल. तेव्हा ज्याचे हात त्या कामात झिजले, त्याच्यावर हसू नका. त्याला आधी विचारा. माझ्यावर विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. माझ्या टोपलीतली एक मोसंबी घरी न्या आणि चौथ्या दिवशी पाहा.