पत्र्याला घासणारी नळी

मित्रांनो, चेहऱ्यावरून मी घड्याळासारखा दिसतो, पण मला वेळ विचारू नका. मी एक जुना ऑइल गेज आहे. इंजिनात तेल किती दाबाने फिरते आहे, एवढेच मला कळते आणि तेवढेच मी काट्याने सांगतो. तोंड मला नाही.

माझी पहिली नोकरी पाणी उपसणाऱ्या इंजिनावर होती. ते एका जागी बसून दिवसभर एकाच सुरात धडधडायचे. तिथला म्हातारा इंजिनवाला जाता-येता बाहीने माझी काच पुसायचा. पुढे विजेचा पंप आला, इंजिन भंगारात गेले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात गंजक्या खिळ्यांच्या डब्यात येऊन पडलो. तिथून मला भाऊजींनी उचलले.

भाऊजी फ्रिज दुरुस्त करायचे. त्यांची वहिनी शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी मोटारींच्या शर्यतीत उतरायची. ती त्यांना भाऊजी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो. तिच्यासाठी ते एक जुनी गाडी तयार करत होते.

ती गाडी पाहून मी चक्रावलोच. मागची सीट नाही, खाली गालिचा नाही, छताचे कापडसुद्धा नाही. वजन कमी व्हावे म्हणून आतले सगळे उपटून काढलेले. उरला होता उघडा पत्रा, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि त्यात एकच सीट. भाऊजींनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गोल भोके पाडली. मधे इंजिनाचे फेरे दाखवणारे मोठे मीटर, उजवीकडे पाण्याच्या तापमानाचा गेज आणि डावीकडे मी. मला त्यांनी चक्क तिरपा बसवला. मला वाटले, आता माझे हसे होणार. पण ते वहिनीचेच सांगणे होते. सगळे ठीक असले की तिन्ही काटे सरळ वर उभे दिसले पाहिजेत, म्हणजे नुसती नजर टाकली तरी पुरे.

माझ्या पाठीला तांब्याची बारीक नळी जोडली. तिच्यातून इंजिनाचे कढत तेल थेट माझ्यापर्यंत येणार होते. वाटेत ती इंजिन आणि सीट यांच्यामधल्या पत्र्याच्या एका भोकातून आत शिरून वहिनीच्या गुडघ्यावरून जात होती. त्या भोकाला धार होती. अशा भोकात रबराचे कडे बसवतात, म्हणजे नळी कापली जात नाही. भाऊजी कडे आणायला उठले, तेवढ्यात दारात टेम्पो येऊन उभा राहिला. गाडी मैदानावर न्यायची होती. भाऊजींनी धावपळ करत उरलेले नट आवळले. कडे राहूनच गेले.

सरावात इंजिन सुरू झाले आणि नळी पत्र्याला घासू लागली. करकर, करकर. ते माझ्या हाडापर्यंत पोहोचत होते. ओरडावे तर आवाज नाही. भीतीने माझा काटा लटलट हलायला लागला. वहिनी हसून म्हणाली, “भाऊजी, तुमचा हा गेज फारच भित्रा आहे बुवा.” भाऊजी म्हणाले की जुना आहे, हादऱ्याने हलतो. मग दोघेही माझ्या हलण्याला सरावले. मला त्या हसण्यापेक्षा त्या सवयीची जास्त भीती वाटली.

शर्यत सुरू झाली. प्रत्येक वळणावर गाडी कलायची आणि धार तांब्यात आणखी रुतायची. वहिनी एकेका गाडीला मागे टाकत होती. पुढे आता एकच लाल गाडी उरली होती. तेव्हा नळी फाटली.

माझ्या अंगातले बळ एकदम निघून गेले. काटा खाली यायला लागला. वहिनीने पाहिले आणि मोजा घातलेल्या हाताने माझ्या काचेवर टिचकी मारली. मी काय करणार? काटा आणखी खाली गेला. लाल गाडी हाताशी आली होती. वहिनीने पुन्हा पाहिले. बाकीचे दोन काटे ताठ उभे होते आणि मी आडवा पडलो होतो. तिने बटण दाबून इंजिन बंद केले आणि गाडी तशीच घरंगळत गवतावर नेली.

तोवर फाटलेल्या नळीतले कढत तेल वहिनीच्या गुडघ्यावर आणि तापलेल्या धुराड्याच्या पाइपावर सांडले होते. आत धूर भरला. वहिनीने सीटच्या पट्ट्याचा खटका दाबला, तर तेलाने बोट निसटले. पुन्हा दाबला, पुन्हा निसटले. मी समोर, आणि मला काहीच करता येत नव्हते. शेवटी खटका सुटला. ती पिंजऱ्यातून बाहेर पडली आणि तिचा नवरा, दादा, धावत आला तो आग विझवायचे नळकांडे घेऊनच. पांढऱ्या भुकटीने माझी काच झाकली गेली. पुढचे मी फक्त ऐकले.

भाऊजींनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवले असावे, कारण ते एकदम कळवळले. मग म्हणाले, “कडं मीच विसरलो, वहिनी.”

पाणी ओतल्याचा आवाज येत होता. ती भाजलेला गुडघा गार करत होती. ती म्हणाली, “तुम्ही विसरलात, खरंय. पण करकर मलाही ऐकू येत होती, भाऊजी. मी हसण्यावारी नेली.”

दादांनी बजावले की ही गाडी विका, आपण पुन्हा मैदानावर पाऊल टाकणार नाही. आठवडाभर ते गाडीकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी स्वतःच रबराची कडी घेऊन आले आणि एकेका भोकात बसवत गेले. भाऊजी त्यांना उजेड दाखवत उभे राहिले. तांब्याच्या जागी आता पोलादी जाळीची नळी आहे. शर्यतीआधी तिघेही तिच्यावरून हात फिरवतात, आणि पहिला हात दादांचा असतो.

मित्रांनो, तुमच्या सायकलचा ब्रेक, छताचा पंखा, शेगडीची रबरी नळी यांनाही तोंड नाही. त्यांचा आवाज बदलला तर त्याला सरावू नका. काम थांबवा, मोठ्या माणसाला बोलवा, नीट बघा. मला अजून भीती वाटते. इंजिन सुरू झाले की काटा हलतोच. पण आता कोणी हसत नाही. वहिनी मान जराशी वळवते, माझ्याकडे पाहते आणि मगच गाडी पुढे काढते.