जरा वाकवून बघू

"विनता, धर इकडून. जरा वाकवून बघू," यांनी अंगणातून हाक मारली. मी कणकेचे हात गाऊनला पुसले आणि पुन्हा बाहेर गेले. सकाळपासून हेच चाललं होतं. मोटरसायकल वाकवा, सरळ करा, बटन दाबा. गाडी नुसती घुर्र घुर्र करायची आणि गप्प व्हायची. माझ्या तर कमरेचे टाके ढिले झाले होते.

आमच्या या रांझीच्या फॅक्टरी वस्तीत एके काळी सगळ्या स्कूटरी अशाच चालू व्हायच्या. वाकवली की पेट्रोल पुढे येतं, म्हणे. यांची उभी नोकरी फॅक्टरीत गेली ती आधी स्कूटर वाकवून आणि मग जुनी मोटरसायकल वाकवून. ही नवी, फ्यूल इंजेक्शनची, दसऱ्याला घेतली. हार घातला, नारळ फोडला, आणि दिवाळी यायच्या आत यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून गाडी अंगणात झाकून ठेवलेली. होळीपर्यंत यांचा पाय सावरला, बोलणं सावरलं. डावा हात मात्र अजून स्वतःच्याच मर्जीने चालतो. चहाची बशी धरली की बशी वाजते.

आणि उद्या सोमवारपासून पुन्हा ड्यूटी. डॉक्टरांनी बसून करायच्या कामाला हो म्हटलं. गाडीचं विचारलं तर म्हणाले, "हाताचं बघून ठरवा." यांच्या हिशोबी ती परवानगीच झाली. पलीकडच्या क्वार्टरमधले शैलेंद्र भाऊजी यांच्याच सेक्शनला आहेत. ते बिचारे परवा म्हणाले, "विष्णूभाऊ, माझ्या मागे बसून चला न." तर हे त्यांच्यावरच भडकले. "मी काय पार्सल आहो का? माझ्या गाडीने येईन. तू गेटवर भेट." सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

आता खरं सांगते. घोडं कुठे पेंड खाऊन राहिलं होतं, ते मला ठाऊक होतं. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमची मुलगी सगळं समजावून सांगत होती, आणि हे पेढे वाटत फिरत होते. ऐकलं मी एकटीने. चावी लावली की आत पंपाचा बारीक आवाज येतो, तो थांबला की बटन दाबायचं. आणि चावी लावलेली असताना गाडी फार आडवी केली, तर गाडी पडली असं समजून सेन्सर पेट्रोलच बंद करतो. मग चावी बंद करून पुन्हा लावल्याशिवाय ती चालू होत नाही. हे काय करत होते? इतके महिने उभी असलेली गाडी पहिल्या बटनाला उठली नाही, तर चावी तशीच ठेवून आडवी, सरळ, आणि पुन्हा बटन. ज्याने जुन्या गाड्या चालू व्हायच्या, त्यानेच ही बंद राहत होती. आणि आडवी करताना दुसरी बाजू मीच धरत होते.

तोंडातून ब्र काढला नाही मी. काहून काढू? क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो. सकाळी फॅक्टरीच्या रस्त्यावर बस, ट्रक, सायकली, सगळे एकमेकांच्या अंगावर. नको होऊ दे चालू, देवा, असंच मनात म्हणत होते. सगळा हिवाळा यांना कुशीवर वळवण्यात, भरवण्यात, मालिश करण्यात गेला. थकले हो मी. पुन्हा तेच करायची ताकद माझ्यात राहिलेली नाही.

भाजीवाला नथ्थू फाटकाशी थांबला. "भाभी, प्लग में कचरा होगा."

कचरा तुझ्या डोक्यात आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. "हाँ भैया, देखते हैं," म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं.

"बॅटरी कालच चार्ज करून आणली," हे स्वतःशीच बोलत होते. "पेट्रोल आहे. लाइट लागून राहिले. मग होत काहून नाही? चल, अजून एकदा. धर."

धरली. गाडी अर्धी वाकली आणि यांचा डावा हात सुटला. सगळं वजन माझ्या मांडीवर आलं. "अहो!" मी ओरडले. कशीबशी सरळ केली, स्टँडवर लावली. हे पायरीवर जाऊन बसले आणि डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"गाडीचं काही नाही, विनता," ते म्हणाले. "माझ्या हातातच आता काही राहिलं नाही. कोणती मशीन माझ्या हाताला नाही म्हणाली होती का आजवर?"

आणि रडले. दवाखान्यात नव्हते रडले. मला वाटलं होतं, चिडतील, दोन शिव्या घालतील, आणि उद्या मुकाट शैलेंद्र भाऊजींच्या मागे बसतील. हे असं बघायचं नव्हतं मला.

"उठा," मी म्हटलं. "उठा म्हणते न. आता वाकवायची नाही. चावी बंद करा. लावा. थांबा, ऐका."

आत बारीक आवाज आला आणि थांबला.

"पुन्हा बंद. पुन्हा लावा. थांबला आवाज? आता दाबा."

झाली चालू. हे लहान पोरासारखे हसले. "अरे यार! तुला कसं माहीत?"

"शोरूमवाली सांगत होती. तुम्ही पेढे वाटून राहिले होते."

"मग सकाळपासून बोलली काहून नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे. ते गाडीवर बसले आणि डावी बोटं क्लचवर ठेवली. क्लच अर्धा आला आणि सुटला. पुन्हा दाबला, पुन्हा सुटला. मग उजवा हात नेऊन डाव्यावर ठेवला, तेव्हा कुठे पुरता दाबला गेला. पण मग अ‍ॅक्सिलरेटर कोण धरणार? गिअर त्यांनी टाकलाच नाही. गाडी छान चालू होती, आता तिला दोष द्यायची सोय राहिली नव्हती.

मग ते खाली उतरले.

"धर इकडून," म्हणाले.

"अहो, चालू आहे न आता."

"धर तर."

धरली. दोघांनी मिळून गाडी पार आडवी केली. इंजिन बंद पडलं. सरळ केली. चावीला त्यांनी हात लावला नाही, तसंच बटन दाबलं. घुर्र घुर्र, आणि गप्प. मग खिशातून फोन काढला.

"शैलेंद्र, उद्या मला घेऊन जाशील का रे? नाही नाही, हात एकदम ठीक आहे. गाडीच खराब निघाली. या इंजेक्शनच्या गाड्यांचा काही भरोसा नाही, यार. खोटं वाटतं तर विचार तुझ्या वहिनीला."

आणि माझ्याकडे न बघता फोन माझ्यापुढे धरला.

"हो भाऊजी," मी म्हटलं. "सकाळपासून दोघं वाकवून राहिलो. नाहीच होत चालू."