चाकाखालचा दगड

रघुजींना कुणी छंद विचारला की ते सांगायचे, "घरबसल्या मोटारी बनवतो," आणि ऐकणारा हसायचा. हसेना बापडा! देवासच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने सात महिने खपून, सुट्या भागांची हातभर लांब पांढरी मोटार उभी केली होती. स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळत, आणि पुढच्या सीटांमधला काडीएवढा हँडब्रेक त्यांनी वर ओढलेला असा चिकटवला होता.

अशीच मोटार एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे होती. धरमपुरीला नर्मदेच्या उतारावर ती लावून रघुजी नारळ घ्यायला गेले, आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मेव्हण्यासकट, दीपेशसकट, गाडी पाण्यात गेली. हँडब्रेक मी ओढला होता, दीपेशनेच उठून तो सोडला असेल, असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. तेव्हापासून त्यांची बायको कुसुमावती भाऊबीजेला, ओवाळायला भाऊ उरला नाही म्हणून चंद्राला ओवाळायची आणि वर बघून रागवायची, "असा कसा रे वेंधळा तू!" ते ऐकलं की रघुजी उठून आत जायचे, कारण ब्रेक त्यांनी ओढलाच नव्हता.

दिवाळीच्या आधी एका सकाळी टेबलावरच्या गाडीतला हँडब्रेक सोडल्यासारखा खाली आलेला दिसला. गोंद कच्चा राहिला असेल, म्हणून त्यांनी तो पुन्हा चिकटवला. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तर गाडी जागची सरकून त्यांच्या खुर्चीकडच्या कडेला येऊन उभी होती. त्यांनी टेबलावर पाणसळ ठेवून पाहिली. टेबल अगदी सपाट. तरी त्यांनी पुढच्या चाकाखाली खोडरबराचा तुकडा सारला, उतारावर दगड लावतात तसा. धरमपुरीला तोही लावला नव्हता.

मग त्यांच्या हातून नवशिक्यालाही न शोभणारी चूक झाली. हँडब्रेक झटपट गोंदाने पक्का करून, तो वाळायच्या आतच त्यांनी सगळ्या काचा बसवून टाकल्या. त्या गोंदाची वाफ आत कोंडली की काचा कायमच्या धुरकटतात, हे त्यांनी स्वतः दहा जणांना शिकवलेलं. काचा पांढुरक्या झाल्या. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं. आतलं दिसायचं तरी थांबलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी टेकडीवर चंद्राची कोर दिसली, तशी कुसुमावती निरांजनाचं ताट घेऊन गच्चीकडे निघाली आणि टेबलापाशी थांबली.

"अहो, काचांचं हे काय करून ठेवलंत? इतकी छान जमली होती." मग तिने विचारलं, "ब्रेक तरी ओढलाय ना?"

'हो' त्यांच्या जिभेवर तयारच होतं. एकतीस वर्षं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "तेव्हाही नव्हता ओढला. मीच विसरलो. दीपेशचा काही दोष नव्हता."

ती ओरडली असती, ताट भिरकावलं असतं, तर रघुजींनी सोसलं असतं. तिने ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. डोळे भरून आले तरी तिने ते पुसले नाहीत. मग वाकून ती गाडीच्या मागच्या काचेकडे बघत राहिली, म्हणून त्यांनीही पाहिलं. धुरकट काचेवर, आतल्या बाजूने, तिळाएवढा ठिपका स्वच्छ पुसलेला होता. सकाळी तो नव्हता.

कुसुमावती गच्चीवर गेलीच नाही. तिने त्या ठिपक्यापुढे ताट धरून तीनदा ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि ताट बाजूला ठेवून चाकाखालचा खोडरबराचा तुकडा अलगद काढून घेतला.

"दगड काढलाय हं, दीपू," ती म्हणाली. इतक्या मायेने ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "आता ये."

रघुजी खुर्चीतून उठू शकले नाहीत. गाडीचं तोंड त्यांच्याकडे होतं, आणि टेबल अगदी सपाट होतं.