ग्लेनिसचे लाल ठिपके

डंकनने सिंथेसायझर पुसला तो अगदी मनापासून. सोमवार ते बुधवार तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा; डाग दिसला की त्याचा हात स्वस्थ बसत नसे. बटणांभोवती लाल रंगाचे सुकलेले ठिपके होते, तेही त्याने स्पिरिट लावून काढले आणि शिट्टी वाजवत चहाची किटली लावायला गेला.

रेमंड तालमीच्या खोलीत शिरला, यंत्राकडे बघितलं आणि कोट न काढताच खुर्चीत मटकन बसला.

‘टिन चॅपल’ हा बँड शेफिल्डचा. सुऱ्याकाट्यांच्या एका बंद कारखान्यात तिघांनी चाळीसएक वर्षांपूर्वी सुरू केला. तेव्हापासून अकरा जण येऊन गेले. कुणी भांडून गेलं, कुणी लग्न करून. एक जण चहाला म्हणून बाहेर पडला तो दुसऱ्याच बँडमध्ये उगवला. पहिल्यापासून टिकला तो एकटा रेमंड. सध्या त्याच्याबरोबर डंकन होता, त्याला येऊन सहा महिने झाले होते.

यंत्रही रेमंडइतकंच टिकाऊ, पण त्याला स्मरणशक्ती नव्हती. हल्लीची यंत्रं एकदा सांगितलेला आवाज जपून ठेवतात. याची चौतीस बटणं मात्र दर वेळी हाताने आपापल्या जागी फिरवावी लागत. ‘फर्नेस लेन’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्यासाठी कुठलं बटण कुठे थांबवायचं, ते ठिपके सांगायचे. आणि परवा, शनिवारी, भरलेल्या सभागृहात याच यंत्रावर ते गाणं वाजवायचं होतं.

डंकनला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं कुणीतरी रंग सांडलाय, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रेमंड ओरडला नाही. ओरडून ठिपके परत येत नाहीत. दोघांनी जुनी तबकडी लावली आणि दुपारपर्यंत बटणं फिरवली. कधी भोंगा वाजला, कधी बदक ओरडलं. ‘फर्नेस लेन’ काही सापडली नाही.

“हे ठिपके ज्यांनी दिले, त्यांनाच विचारलं तर?” डंकन भीतभीत म्हणाला.

नेमकं तेच रेमंडला नको होतं. ठिपके ग्लेनिसचे होते, तिच्या नेलपॉलिशचे. आणि ग्लेनिसला त्यानेच बँडमधून काढलं होतं. रेकॉर्ड कंपनीला तिच्या जागी नाचणारी दोन माणसं हवी होती. समोरासमोर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली आणि पहाटे तिच्या दारात ठेवून पळ काढला. त्या दिवसापासून ती तालमीला आली नाही. तिचा नंबर तो दर वर्षी जुन्या डायरीतून नव्या डायरीत उतरवून घेई. लावला मात्र कधीच नव्हता.

आज लावला आणि ठिपक्यांचं सांगितलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, “यंत्र चालू करून ठेव. मी बसने येते.”

तासाभरात ती आली, चाकांची बाजारपिशवी ओढत. केस पांढरे, चाल तीच. छत्तीस वर्षं ती रॉदरहॅमच्या प्राथमिक शाळेत संगीत शिकवत होती.  तिने बटणाला हात लावण्याआधी बोलून टाकावं, म्हणून रेमंड घाईने म्हणाला, “ग्लेनिस, त्या चिठ्ठीबद्दल मला माफ कर.”

“कसली चिठ्ठी?”

“तुला काढल्याची. तुझ्या दारात ठेवली होती. दुधाच्या रिकाम्या बाटलीत.”

ग्लेनिस त्याच्याकडे बघतच राहिली. मग पिशवीच्या दांड्याला धरून हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“अरे शहाण्या, बाटलीतली चिठ्ठी दूधवाल्यासाठी असते! सगळ्या शेफिल्डला ठाऊक आहे. तरीच तो त्या आठवड्यात माझ्याकडे एवढ्या दयेने बघत होता. न मागता मलईची बाटली ठेवून गेला बिचारा.”

“मग तू आली का नाहीस?”

तिचं हसू थांबलं. तिला अध्यापक महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. बँड ऐन भरात असताना सोडते हे रेमंडला सांगायची तिलाही हिंमत झाली नव्हती. ती गुपचूप यायचीच बंद झाली. तो कधी फोन करेना, तेव्हा तिने ठरवून टाकलं की रेमंड आपलं तोंडही बघणार नाही.

डंकन चहाचे तीन मग घेऊन दारात उभा होता. आत यावं की नाही ते त्याला कळेना.

“ये बाळ, आत ये,” ग्लेनिस म्हणाली. “हे पुसणारा तूच ना? छान पुसलंय.”

रेमंडने मग हातात घेतला. खांद्यावरून कुणी पोतं उतरवून घ्यावं तसं त्याला झालं होतं. चहा इतका गोड त्याला कित्येक वर्षांत लागला नव्हता, आणि त्यात डंकन साखर घालायलाच विसरला होता.

ग्लेनिसला घाई नव्हती. यंत्र आधी तापू द्यायचं, ती डंकनला समजावत होती. शाळेतली पोरं आणि ही यंत्रं आल्या आल्या सुरात लागत नाहीत. चहा संपल्यावर तिने डोळे मिटले. एक बटण फिरवायची, ऐकायची, मग पुढचं. डंकनलाही तिने डोळे मिटायला लावले आणि आवाज जाड झाला की बारीक, ते ओळखायला सांगितलं. तो चुकला की ती पुन्हा वाजवून दाखवायची. पाऊण तासाने तिने एक पट्टी दाबली आणि कारखान्याच्या त्या खोलीत भट्टीसारखा खोल, किंचित थरथरणारा आवाज भरून राहिला. रेमंडच्या अंगावर काटा आला.

बाजारपिशवीतून तिने नेलपॉलिशची बाटली काढली. रंग तोच. ती वाकून एकेक ठिपका देऊ लागली. डंकन दोन्ही हात पाठीमागे बांधून बघत होता.

“शनिवारी हे तू वाजवशील?” रेमंडने विचारलं. या वेळी समोरासमोर.

ग्लेनिसने मान वर केली नाही. “चौतीस ठिपके आहेत. मोजू दे,” ती म्हणाली. शेवटचा ठिपका देऊन तिने त्यावर हळूच फुंकर मारली. “तालीम उद्या किती वाजता?”