तीन नावं होईपर्यंत

डेरीनच्या तळ्याकाठी वॉल्श आडनावाची अकरा घरं आहेत, त्यामुळे आडनाव इथे कोणी विचारत नाही. माणूस ओळखला जातो तो स्वतःच्या, बापाच्या आणि आज्याच्या नावाने. माझे वडील मॅलकी टॉम माइकल. चाळीस वर्षं त्यांनी हॉटेलच्या पाहुण्यांना होडीतून मासे धरायला नेलं. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. होडीघराच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर आठ होडीवाल्यांची नावं खडूने लिहिलेली असतात, त्यातलं सातवं त्यांचं होतं.

ती जागा मला हवी होती. दहाव्या वर्षापासून मी वल्ही मारते आहे. तळ्यातला एकेक खडक मला घरातल्या पायऱ्यांसारखा पाठ आहे. पण हॉटेलच्या मालकीणबाई मिसेस फहर्टी म्हणाल्या की पाहुण्यांना होडीवर बाई रुचत नाही. स्वतः बाई असून असं म्हणाल्या. मग मीही तोंडाला येईल ते बोलले, आणि काम आणखीच बिघडलं. शेवटी डॅडींनी तोड काढली. मे महिन्यात सगळ्यात जड माशासाठी कप असतो, त्या दिवशी एक होडी मला द्यायची. माझ्या पाहुण्याने कप जिंकला तर फळ्यावर माझं नाव, नाहीतर पॅकीच्या पुतण्याचं. पॅकी म्हणजे फळ्यावरचा पहिला होडीवाला, वय सत्तर आणि जीभ वस्तऱ्याची.

मेच्या मध्यावर आमच्या तळ्यातून हिरवट पंखांच्या माश्यांचे थवेच्या थवे वर येतात आणि ट्राउट मासे त्यांच्यापायी खुळे होतात. दोन जिवंत माश्या गळाला लावायच्या, लांब काठीचा रेशमी दोरा वाऱ्यावर सोडायचा आणि माश्या पाण्याला जेमतेम टेकतील अशा नाचवायच्या. मासा वर येऊन माशी तोंडात घेतो. त्या क्षणी काठी उचलली की गळ रिकामा बाहेर येतो, म्हणून थांबायचं. किती थांबायचं, तर होडीवाल्याची तिन्ही नावं सावकाश म्हणून होईपर्यंत. आज्यापणज्यापासून हेच आमचं घड्याळ.

थांबणं मला कधी जमलं नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी डॅडींच्या होडीत मी एक भलामोठा मासा असाच घाईने घालवला होता. पॅकी अजून त्या माशाचा विषय काढतो, आणि दर वर्षी त्याचं वजन अर्ध्या पौंडाने वाढतं.

कपाच्या सकाळी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला आले जज टूही. धक्क्यावर हशा पिकला. टूहीसाहेब कॉर्कच्या कोर्टातून निवृत्त झालेले. वीस वर्षं दर मे महिन्यात येतात आणि वीस वर्षांत त्यांना एकही मासा मिळालेला नाही, कारण स्वभाव म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. कोर्टातसुद्धा त्यांनी म्हणे कुठल्या वकिलाला वाक्य पुरं करू दिलं नाही. एका होडीत दोन उतावळी. डॅडी धक्क्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी डाव्या हाताने टोपी सारखी केली.

सकाळी वारा छान होता. होडी आडवी करून मी ती वाऱ्यावर सोडली आणि साहेबांना आमची नावं शिकवली, मॅलकी, टॉम, माइकल. पहिला मासा आला. साहेब "मॅ" म्हणाले आणि काठी हिसडली. दुसऱ्याला "मॅलकी"पर्यंत पोचले. तिसरा मासा चांगला जाड होता, आणि त्याच्या वेळी तर ते काहीच म्हणाले नाहीत, सरळ उभे राहिले आणि होडी कलंडता कलंडता वाचली. माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "साहेब, कोर्टात लोकांची वाक्यं तोडलीत ती तोडलीत, इथे माशाला तरी तोंड मिटू द्या."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. जेवणाच्या वेळेपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बसले.

एक वाजता सगळ्या होड्या बगळ्यांच्या बेटाला लागतात, ही इथली रीतच आहे. कपाचा दिवस असला तरी चहा एकत्रच होतो. पोटात जाळ धरणाऱ्या उंच किटल्यांत काटक्या पेटल्या, सँडविचं निघाली, आणि पॅकी सुरू झाला. त्याच्या पाहुण्याने पाच पौंडांचा मासा काढला होता.

"काय गं डिंप्ना, किती झाले?"

"होतील," मी म्हटलं.

"कसे व्हायचे? तुझ्या होडीत नाव घेतात मॅलकीचं, आणि मॅलकी तर धक्क्यावर खुर्चीत बसलाय. मासे पत्ता शोधत तिकडे जात असतील."

सगळे हसले. किटलीतला उरलेला चहा मी निखाऱ्यांवर ओतला आणि होडीकडे चालू लागले. मागून साहेब आले. होडीत बसल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी कोर्टातला आवाज लावून विचारलं, "ही होडी आज कोणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या."

"मग मी दुसऱ्याच्या नावाने साक्ष का देतोय?"

खरं सांगायचं तर सकाळी स्वतःचं नाव सांगायची मला लाज वाटली होती. बाईचं नाव पहिलं घेऊन आमच्या तळ्यावर आजवर कोणी गळ टाकला नव्हता, आणि पहिली होण्याची छाती माझी, एवढ्या तोंडाळ बाईची, झाली नव्हती. मी वल्ही उचलली आणि म्हटलं, "डिंप्ना मॅलकी टॉम." साहेबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "सकाळचं तुझं बोलणं खरं होतं. माझी बायकोही तेच म्हणायची. तिचंही वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही." मी पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही.

तीन वाजता वारा पडला. पाणी परातीसारखं सपाट झालं. वारा नाही तर दोरा उडत नाही, आणि दोरा उडाला नाही तर माश्या नाचत नाहीत. एकेक होडी धक्क्याकडे वळली. पॅकीने जाताजाता ओरडून विचारलं की पुतण्याला फळ्यावर नाव लिहायला सांगू का. मी हाताने नको म्हटलं. मला डॅडींचं एक जुनं बोलणं आठवत होतं, की पाचच्या सुमाराला खिंडीतून वाऱ्याची एक झुळूक बेटाच्या पलीकडच्या अरुंद पाण्यात उतरते, आणि थांबेल त्यालाच ती मिळते.

आम्ही त्या अरुंद पाण्यात जाऊन थांबलो. पाऊण तास, एक तास, दीड तास. वजनकाटा सहाला बंद होतो, आणि धक्का तिथून वल्ह्यांनी चाळीस मिनिटांवर. कपाला इंजिन चालत नाही. माझे तळहात खाजत होते. पाचला पाच मिनिटं असताना काठच्या बोरूच्या शेंड्यांत सळसळ झाली.

दोरा उचलला, फुगला, पुढे गेला. माश्या पाण्यावर टिचक्या मारत नाचू लागल्या. वीस मिनिटं काही नाही. मग खडकाच्या कडेला पाणी नुसतं फुगलं आणि एक रुंद तपकिरी पाठ सावकाश वर आली. माश्या दिसेनाशा झाल्या. आवाजसुद्धा झाला नाही.

साहेबांनी काठी घट्ट धरली. मी जीभ दाताखाली धरली.

"डिंप्ना," ते म्हणाले. श्वास घेतला. "मॅलकी." कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात गेला. "टॉम."

आणि काठी उचलली. ती वाकली ती थेट पाण्याला टेकेपर्यंत. मासा खोल गेला, होडीखालून फिरला, दोनदा हवेत उडाला. साहेब त्याला शिव्या देत होते, विनवण्या करत होते, एकदा तर "महोदय" म्हणाले. दहा मिनिटांनी मी त्याला जाळीत घेतलं तेव्हा जाळीचा दांडा कुरकुरला. साहेब फळीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

मग मी वल्ही मारली. अशी मी आयुष्यात मारली नव्हती. बेट मागे गेलं, खुणेचा लाल बोया मागे गेला, तळहाताची साल निघाली तरी कळलं नाही. साहेब मोठमोठ्याने ताल देत होते, आणि तो ताल म्हणजे माझीच तीन नावं होती. धक्क्यावरच्या लोकांनी ती पाण्यावरून ऐकली. लोक होडीघरातून बाहेर आले, हातातले ग्लास तसेच.

सहाला दोन मिनिटं कमी असताना मासा काट्यावर चढला. सात पौंड, वर तीन औंस. दिवसातला सगळ्यात जड मासा. मिसेस फहर्टी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "डिंप्ना, पाहुण्यांचं म्हणजे कसं असतं," आणि साहेबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. बाईंना वाक्य पुरं करू दिलं. "पाहुण्यांना मासे लागतात. उद्या नऊला तयार राहा."

पॅकीने टोपी काढली. माझ्याकडे न बघता तो माशाला म्हणाला, "डिंप्ना मॅलकी टॉम." शेजारच्याने ते पुन्हा म्हटलं, आणि मग सगळा धक्काच म्हणू लागला.

डॅडी खुर्चीतून उठून फळ्यापाशी गेले. सातव्या ओळीवरचं स्वतःचं नाव त्यांनी बाहीने पुसलं आणि खडू डाव्या हातात घेतला. त्या हाताने त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर वाकडं झालं, खडू मोडला, खाली पडला. कोणीतरी मला खुणावलं की तू लिही, नाहीतर रात्र होईल. मी जागची हलले नाही. डॅडींनी वाकून खडूचा तुकडा उचलला आणि पुन्हा सुरुवात केली, आणि माझी तिन्ही नावं त्यांच्या हातून लिहून होईपर्यंत मी थांबले.