रंग उडालेलं पिल्लू

रुप्रेश्तने नातीच्या तोंडात बोट घातलं. गालांच्या आत, जिभेखाली, टाळूला, सगळीकडे फिरवून पाहिलं. दीड वर्षाच्या मालविनाने ते बोट कडकडून चावलं आणि खुदकन हसली. तोंडात काहीच नव्हतं. त्यामुळे तो जास्तच घाबरला.

गालिच्यावर शिशाची जनावरं मांडली होती. गाई, डुकरं, एक झेब्रा, हंसीण आणि तिची पिल्लं. सगळी रुप्रेश्तच्या आजोबांच्या काळात इथेच ड्रेस्डेनला ओतलेली, हाताने रंगवलेली. पिल्लं तीन होती, आता दोनच दिसत होती. हरवलेलं चिंचोक्याएवढं, जागोजाग रंग उडालेलं. बाकीच्यांना कुणी ना कुणी नवा रंग फासला होता. याच्या अंगावर तेवढा मूळचा रंग शिल्लक होता. जन्मभर जुने बाजार पालथे घालूनही त्याला तसं दुसरं मिळालं नव्हतं.

आत्ता मात्र त्याला पिल्लाचं काही पडलं नव्हतं. मालविनाच्या ओठांवर पांढरं काहीतरी लागलं होतं, आणि पिल्लूही पांढरंच होतं.

“लांबून दाखवा, पपा, पण हातात देऊ नका. शिसं आहे ते,” असं गेजीनने, त्याच्या लेकीने, सकाळीच बजावलं होतं. त्याने दिलं. मालविनाचे इवलेसे हात पुढे आले आणि त्याला नाही म्हणवलं नाही.

तो पालथा पडून कपाटाखाली चाचपू लागला. घरंगळलं असेल. सांगितलं तर गेजीन पोरीला पुन्हा आपल्यापाशी सोडायची नाही. थोडं थांबावं, सापडेलही. हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो धडपडत उठला, मालविनाला उचललं आणि स्वयंपाकघरात गेला.

“गेजीन, मी तिच्या हातात दिलं होतं.”

“काय दिलं?”

“हंसाचं पिल्लू. सापडत नाहीये.”

बटाट्याच्या सॅलडने माखलेले हात तिने तसेच हवेत धरले.

“गिळलं?”

“माहीत नाही गं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईने श्वास नीट आहे ना, एवढं विचारलं आणि लगेच एक्स-रेला न्यायला सांगितलं. रुप्रेश्तने कसेबसे बूट चढवले. आपण फिरायला निघालोय असं वाटून मालविना टोपी घेऊन आली.

तेवढ्यात गॅलरीतून थिलो, त्याचा जावई, पाण्याचं भांडं घेऊन आत आला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी शिसं वितळवून पाण्यात ओतायचं आणि त्याच्या आकारावरून पुढचं वर्ष सांगायचं. पण हल्ली दुकानात शिसं मिळत नाही, मेणावर भागवावं लागतं, म्हणून तो सकाळपासून कुरकुरत होता.

“मेणापेक्षा लाख पटीने बरं,” तो म्हणाला. मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. “काय झालं?”

गेजीनने सांगितलं. थिलोने आधी मालविनाकडे पाहिलं, मग हातातल्या भांड्याकडे.

“ते मी घेतलं. पपा दूध आणायला गेले होते तेव्हा. म्हटलं, सगळ्यात खराब आहे, त्याचा रंगही उडालाय.”

“आणि ओठांवर?”

“पिठीसाखर आहे ती. मीच केकचा तुकडा भरवला.”

गेजीन पोरीला छातीशी धरून मटकन खाली बसली आणि रडू लागली. पाण्याच्या तळाशी शिशाचा एक ओबडधोबड गोळा पडला होता.

“पपा,” थिलो चाचरत म्हणाला, “ते भारीतलं होतं का?”

“छे,” रुप्रेश्त म्हणाला. “रंग गेला होता त्याचा. फेकणारच होतो मी.”

तो खुर्चीवर बसून बूट काढायला वाकला. नाडीची गाठ काही सुटेना. गेजीनने डोळे पुसले. त्या पिल्लाची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. उठून तिने मालविनाला त्याच्या मांडीवर दिलं आणि त्याच्या पायाशी बसून गाठ सोडायला घेतली.