मोबदल्याची भाकर

जाणत्याने केलेला अपराध आणि अजाणतेपणी घडलेला अपराध यांना एकच दंड देऊ नये, हे आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक ठरवले आहे. परंतु त्याहून अवघड प्रसंग निराळाच. एखाद्या मुक्या जिवाला कोणी सद्भावनेने, पुण्य समजून अपराधच शिकवला, तर क्रोधाने कोणाकडे पाहावे? दवनीवाड्याच्या दुधरामांच्या घरी हा प्रश्न माघातील एका दुपारी उभा राहिला, आणि तो फार मोठ्या आवाजात उभा राहिला.

दुधरामांची नात दिव्या अडीच वर्षांची. तिचे उजवे पाऊल जन्मतःच आत वळलेले होते. गोंदियाच्या डॉक्टरांनी आठवड्यामागून आठवडे प्लास्टर बदलून ते सरळ आणले आणि मग एका लोखंडी पट्टीला जोडलेले चामड्याचे दोन बूट दिले. झोप दुपारची असो वा रात्रीची, दोन्ही पाय त्या बुटांत आवळलेले असलेच पाहिजेत, असा नियम होता. नियम मोडला तर पाऊल पुन्हा आपल्या जुन्या वळणावर जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. दिव्याची आई दुर्पता हिने ते वचन व्रतासारखे धरले. पोर रडे, लाथा झाडे. आई ओठ घट्ट मिटून पट्टा ओढी. दोन वर्षांत एकही झोप बुटांवाचून गेली नव्हती.

त्या दुपारी ती लेकीला निजवायला आली, तेव्हा खाटेखाली बूट नव्हते.

ते अंगणात, धानाच्या तणसाच्या ढिगाआड सापडले. घरचा दीड वर्षाचा कुत्रा भुऱ्या लोखंडी पट्टीवर पुढचे पाय रोवून बसला होता आणि उजव्या बुटाचा पट्टा दाढेखाली धरून चावत होता. पट्टा तुटून त्याचे दोन तुकडे झाले होते.

"मरत काऊन नाही रे तू, मुडद्या!" दुर्पता किंचाळली आणि तिने जवळची काठी उचलली.

"मारू नोको वो बाई! त्याच्या तोंडात हाय ना ते!" सासरे दुधराम ओसरीवरून धावत आले. त्यांच्या हातात अर्धी भाकर होती. भुऱ्याने बूट टाकला, भाकर घेतली आणि शेपूट हलवीत तो बाजूला झाला.

दुर्पतेचा नवरा देवेंद्र शेतावरून परतला तो या आरड्याओरड्यात. भुऱ्याची मागील कर्मे त्याच्या तोंडपाठ होती. दोन चपला, कमरेचा पट्टा, टीव्हीचा रिमोट, शेजाऱ्याचा धुतलेला शर्ट. परंतु आज त्याने तो पाढा म्हटला नाही. बुटाकडे पाहिले आणि तो गोठ्यात शिरून पोते शोधू लागला.

"नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या रस्त्यावर सोडून येतो याले. बिबट्याले बी पोट हायच."

"आत्ताच न्या," दुर्पता म्हणाली. "माह्या डोळ्यासमोर ठेवू नोका."

दिव्या तिच्या कडेवर पेंगत होती. पोरीचे डोळे मिटले की आई तिला हलवी, तोंडावर ओला हात फिरवी. पोर रडून उठे. बुटांवाचून तिला झोपू द्यायचे नव्हते, आणि पोर तर झोपेने गळून चालली होती.

दुधरामांचाही संताप अनावर झाला. "नमकहरामा! रोज भाकर खातोस न हे करतोस?" असे म्हणून त्यांनी भुऱ्याच्या पाठीवर एक काठी ओढली. कुत्रा केकाटत घरात पळाला. दुसऱ्याच क्षणी तो बाहेर आला. त्याच्या तोंडात दुधरामांचा चष्मा होता. तो त्यांच्या पायाशी येऊन बसला. चष्मा त्याने चावला नाही, टाकलाही नाही. तो त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

"थांब बापा, थांब," दुधराम सवयीने म्हणाले, आणि त्यांचा हात ओसरीच्या कडेवरच्या भाकरीच्या टोपलीकडे गेला.

"मामाजी, हात थांबवा!"

असा आवाज त्या घरात सुनेने सासऱ्यासमोर कधी काढला नव्हता. देवेंद्र पोते हातात घेऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला.

"पाहा त्याच्याकडे," दुर्पता म्हणाली. "मार खाल्ला न भाकर मागून राहिला. वस्तू आणली की भाकर भेटते, हेच त्याले ठाऊक. त्यानं चोरी नाही केली, मामाजी. त्यानं दुकान मांडलं. गिऱ्हाईक तुमी!"

दुधरामांच्या घरी एक जुना नेम होता. मुक्या जिवाच्या तोंडातले फुकट काढून घेऊ नये. घेतलेच, तर बदल्यात घास द्यावा. वडिलांनी तो त्यांना लहानपणी शिकवला. वासराच्या तोंडातून दोरी सोडवली तरी ते त्याला मूठभर हिरवा चारा देत. भुऱ्या पिल्लू असताना त्याने पहिली चप्पल पळवली, तेव्हा त्यांनी असाच घास दिला, आणि तेव्हापासून एकदाही तो नेम मोडला नाही. त्या नेमात किती दया होती! आणि तिच्यामुळे घरात काय शिरले, हे कोणी पाहिले नाही.

"सासऱ्याले चोर म्हणून राहिली तू?" दुधराम उसळून म्हणाले.

"चोर नाही म्हटलं. त्याचे मास्तर हा तुमी."

"माह्या बापानं शिकवलं ते. पुण्याचं काम हाय!"

"मंग ते पुण्य तुमच्यापाशी ठेवा जी! त्याचा मोबदला माह्या पोरीच्या पायानं कायले द्यायचा?"

"दुर्पते, जरा जपून," देवेंद्र म्हणाला. "बाबा हायत ते."

"तुमी चूप राहा. पोतं घेऊन उभे हा ना? आधी ठरवा, त्यात कोणाले भरायचं!"

दुधरामांनी कुत्र्याच्या तोंडातून चष्मा ओढून घेतला. बदल्यात काही दिले नाही. भुऱ्याने आश्चर्याने मान वाकडी केली. वृद्धाने तुटका बूट पट्टीसकट दुपट्ट्यात गुंडाळला आणि ते भर उन्हात गावातील बकाराम चांभाराकडे चालू लागले. देवेंद्रने पोते गोठ्यात टाकून दिले.

बकारामने जाड चामड्याचा नवा पट्टा दुहेरी शिवणीने बसवला. हसत तो म्हणाला, "कुत्र्यासाठी बी एक तुकडा घेऊन जा, भाऊ. बसन चघळत."

"नोको," दुधराम कठोरपणे म्हणाले. "आणखी चामड्याची गोडी लावू का त्याले? शिकवलं तेवढं पुरे झालं."

ते परतले तेव्हा दुर्पता अजून लेकीला घेऊन अंगणात फेऱ्या घालत होती. तिचे केस सुटले होते, पोरीचा आवाज बसला होता. तिने बूट घेतला, पट्टा तीनदा हिसडून पाहिला, आणि पोरीचे पाय आवळले. दिव्या रडता रडताच झोपली. दुर्पता सासऱ्यांकडे पाठ करून चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून घरात तिचा कायदा चालू झाला. बूट, चपला, पट्टे उंच खुंटीवर राहू लागले. भुऱ्याच्या गळ्यात हातभर दोरी बांधली. त्याने काही उचलले तर ओरडायचे नाही, मागे धावायचे नाही, भाकर तर मुळीच द्यायची नाही. शांतपणे दोरी धरून त्याला खांबाला बांधायचे आणि पाठ फिरवायची. कंटाळून त्याने वस्तू टाकली की ती मुकाट्याने उचलायची. बैलाच्या जुन्या दाव्याला गाठी मारून तेवढे त्याला चघळायला दिले. ते चघळत तो गप्प पडून राहिला, तोंडात दुसऱ्याचे काही नसले, की तेव्हा भाकर. ती मात्र दुधरामांच्याच हाताने.

प्रथम सारे बिघडले. दुकान चालेना म्हणून भुऱ्या अधिक माल आणू लागला. चौथ्या दिवशी त्याने दुधरामांची तंबाखूची चंची पळवली आणि त्यांच्या समोर बसून ती फाडू लागला. एकेक चिंधी फाडून तो वर पाहत होता. दुधराम उठले, त्यांनी त्याला खांबाला बांधले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. क्रोधाने त्यांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट धरले होते. तो क्रोध कुत्र्यावर किती आणि स्वतःवर किती, हे त्यांनाही सांगता आले नसते. मागे भुऱ्या केविलवाणे कण्हत होता. स्वयंपाकघराच्या दारातून दुर्पता त्यांच्या उजव्या हातावर नजर रोखून उभी होती.

हात टोपलीकडे गेला नाही.

त्यानंतर हळूहळू भुऱ्या रिकाम्या तोंडाने येऊन बसू लागला. फाल्गुन सरता सरता दुर्पता आणि दुधराम दिव्याला घेऊन गोंदियाला गेले. डॉक्टरांनी उजवे पाऊल हातात घेऊन वळवून, मापून पाहिले. ते सरळच होते. परतीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसले. सुनेने क्षमा मागितली नाही. सासऱ्यांनीही तशी अपेक्षा धरली नाही. मध्येच दुर्पतेने झोपाळू लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि बुटांची पिशवी उघडली. "मामाजी, धरा हिचे पाय," ती म्हणाली. दुधरामांनी दोन्ही पाय धरले, आणि तिने पट्टे आवळले.

जिने लेकीच्या पायासाठी वडीलधाऱ्याचा कोप पत्करला, तिचे मंगल होवो. ज्याने उतारवयात स्वतःचे पुण्य तपासून पाहिले, त्याला दीर्घायुष्य लाभो. त्या मुक्या जिवाला रोज त्याची वेळची भाकर मिळो. आणि ते लहानसे पाऊल या भूमीवर सदैव सरळ पडो.